चैत्रात बांधलेली तार

"किल्लीवरचा हात काढा," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. किरण बावन्न वर्षांचा माणूस, पुण्यातली मोठी नोकरी सोडून जळगावला परत आलेला, स्वतःच्या बापाच्या गाडीत बसलेला, आणि मी धुळ्याहून आलेला मिस्त्री त्याला दरडावत होतो. पण त्यानं हात काढला. शिकलेला माणूस डॉक्टरचं आणि मिस्त्रीचं ऐकतो, बाकी कुणाचं नाही.

सकाळचे सहा वाजले होते. जानेवारीची थंडी अशी की बॉनेटवर हात ठेवला तर बोटं आखडत होती. आपला खानदेश उन्हासाठी बदनाम आहे, पण थंडी पडली की तीही मनापासून पडते. मी मफलर कानावरून खाली घेतला, कारण मला ऐकायचं होतं.

"थंड गाडीचा आजार दिवसातून एकदाच दिसतो," मी त्याला समजावलं. पहिल्या चार-पाच झटक्यांत काय ते कळलं तर कळलं. त्यानंतर किल्ली मारमारून आपण जे पाहतो ते आपलेच उपद्व्याप असतात. म्हणून आज फक्त दहा सेकंद, मग उद्या सकाळी पुढचं.

"आबा, रविवारी सकाळी साडेसहाला रॅली निघते आहे," किरण म्हणाला. जुन्या गाड्यांची रॅली होती, नाशिकपासून लोक येणार होते. आणि आज होता गुरुवार.

"मग तीन सकाळी आहेत आपल्याकडे. मारा आता."

त्यानं चोकची मूठ ओढली, किल्ली फिरवली. इंजिन खणखणीत फिरलं. बॅटरी नवी होती, स्टार्टर दमदार होता. पण एकदाही पेट घेतला नाही. खोकलंसुद्धा नाही. दहा सेकंद झाले, मी हात वर केला, त्यानं किल्ली सोडली. मी बॉनेट बंद केलं आणि चहा प्यायला गेलो. किरण माझ्याकडे असा पाहत राहिला की याला एवढ्या लांबून बोलावलं ते चहा प्यायला का.

त्याचंही चुकत नव्हतं. माझ्याआधी त्याच्याकडे दोन मिस्त्री येऊन गेले होते. एकानं बॅटरी, कॉईल आणि प्लग बदलले, दुसऱ्यानं पेट्रोल पंप बदलला. दोघंही दुपारी आले, दुपारी गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली, दोघांनी हात पुसले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा मुकी. मग किरणच्या आईला, म्हणजे ज्योत्स्नाअक्कांना माझं नाव आठवलं. धुळ्यातल्या देवपूरचा लीलाधर मिस्त्री जिवंत आहे का बघा, म्हणाल्या. आहे. अडुसष्ट वर्षांचा आहे, गॅरेजमध्ये आता गिऱ्हाईक कमी आणि ओळखीचे म्हातारे जास्त येतात, पण आहे.

ही गाडी मी माझ्या हातासारखी ओळखतो. लाल रंगाची, विलायती, दोनच माणसांची, वरचं छप्पर कापडाचं. डॉक्टर प्रेमराज, म्हणजे किरणचे कैलासवासी वडील, यांनी ती एका पारशी गिरणी मॅनेजरकडून घेतली होती. गंमत अशी की डॉक्टरांना गाडी चालवता यायची नाही. चारदा शिकले, चारदा कुंपणात घातली. मग त्यांनी ड्रायव्हर ठेवला, कौतिक नावाचा. शर्यतीची गाडी, त्यात कौतिक ऐटीत चालवतोय आणि डावीकडे डॉक्टर मांडीवर औषधांची बॅग घेऊन बसलेत, हे दृश्य सगळ्या जळगावनं पाहिलंय. लोक हसायचे. पण रात्री-अपरात्री बाळंतपण अडलं की त्याच गाडीची वाट बघायचे.

कौतिकचं काम फक्त चालवण्याचं नव्हतं. पहाटे साडेपाचला उठून गाडी गरम करून ठेवणं हे त्याचं खरं काम. गॅरेजच्या मागे त्याची खोली होती. यावेळी किरणनं मला त्याच खोलीत उतरवलं. खाट बदललेली, पंखा नवा, पण भिंतीवर किल्ली टांगायचा खिळा तोच. गुरुवारी दुपारी मी तिथे आडवा झालो आणि तो खिळा बघत पडलो. झोप काही आली नाही.

कारण कौतिकचं जे झालं ते मला ठाऊक होतं. साऱ्यांनाच ठाऊक होतं. एकोणनव्वद सालच्या जानेवारीत पहाटे पाचला धरणगावहून फोन आला. कौतिकची धाकटी बहीण भागा तिथे दिलेली. आई-बाप लवकर गेलेले, म्हणून बाळंतपण सासरीच. दाईच्या हाताबाहेर गेलं होतं. डॉक्टर बॅग घेऊन बाहेर आले, आणि गाडी सुरू होईना. कौतिक किल्ली मारत राहिला, मारत राहिला, शेवटी बॅटरी बसली. ढकलून पाहिली, तरी नाही. कुणाची तरी जीप मिळाली तेव्हा आठ वाजले होते. डॉक्टर पोहोचले, भागा वाचली. मूल गेलं. मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला धुळ्याहून बोलावलं. आदल्याच वर्षी मी देवपुरात स्वतःचं गॅरेज टाकलं होतं, बत्तीस वर्षांचा होतो आणि माझ्या नावाची पाटी बघायला मीच दिवसातून दोनदा रस्ता ओलांडायचो. पोहोचायला दुपारचा एक वाजला. गाडी उन्हात उभी होती. बॅटरी लावली, किल्ली मारली, पहिल्याच झटक्याला सुरू. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं होतं? मी हात पुसत म्हणालो, "गाडीत काही नाही. चोक जास्त ओढून पेट्रोल पाजलंय हिला. हात चुकला." कौतिक तिथेच उभा होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

डॉक्टरांनी त्याला काढलं नाही. तसे ते वाईट नव्हते. त्यांनी महिनाभरात दुसरी गाडी घेतली, दुसरा ड्रायव्हर आणला, आणि कौतिकला बोलावणं येईनासं झालं. एक दिवस तो खोली झाडून, किल्ली खिळ्याला अडकवून निघून गेला. लाल गाडीवर ताडपत्री पडली. दसऱ्याला दुपारी तेवढी ती बाहेर काढायची, पूजा करायची, कॉलनीत एक चक्कर मारायची आणि पुन्हा आत. असं छत्तीस वर्षं चाललं.

शुक्रवारी सकाळी मी दुसरी पायरी घेतली. किरणला चोक ओढून किल्ली मारायला सांगितली, दहा सेकंद, आणि लगेच चारही प्लग काढले. हे दोन मिनिटांत करायचं असतं. चोक जास्त झाला असेल तर प्लग ओले निघतात, पेट्रोलचा वास येतो. मी पहिला प्लग नाकाशी धरला. मग दुसरा.

कोरडे होते. चारही ठणठणीत कोरडे.

"म्हणजे पेट्रोल येत नाहीये?" किरणनं विचारलं. हुशार आहे पोरगा, पोरगा म्हणजे मला पोरगाच. मी नळी काढून दाखवली, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत भरपूर येत होतं. आडात होतं, पण पोहऱ्यात येत नव्हतं. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्तीचं पेट्रोल लागतं, ते चोकनं द्यायचं असतं. चोकची मूठ बाहेर येत होती, पण देत काहीच नव्हती.

किरणला मी एवढंच सांगितलं की उद्या कार्बोरेटर खालून बघू. त्यानं लगेच बघायचा हट्ट धरला. मी नाही म्हणालो. गाडी थंड असताना, चोक ओढला जात असताना बघायचं, हे कारण खरंच होतं. पण दुसरं कारण मी त्याला सांगितलं नाही. प्लग हातात असतानाच मला कौतिकची ती पहाट आठवली होती. चोक ओढूनही कोरडे प्लग. त्या दिवशी, एकोणनव्वद साली, मी प्लग काढले होते का? नव्हते काढले. गरजच काय होती, गाडी सुरू झाली होती ना! थंडीचा आजार मी भर दुपारी उन्हात तपासला होता, आणि वर निकालही दिला होता.

शुक्रवारी दुपारी अक्कांनी भरीत-पुरी केली होती. बामणोदच्या वांग्यांचं, हिरव्या मिरचीचं, वरून तेल. मी दोन घास खाल्ले. अक्का म्हणाल्या, लीलाधर भाऊ, तिखट झालं का? मी म्हटलं, नाही अक्का, चांगलंय, पोट जड आहे. खोटं नव्हतं ते.

शनिवारी सकाळी मी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलो. अडुसष्टाव्या वर्षी गाडीखाली शिरणं सोपं असतं, बाहेर येणं अवघड. टॉर्च दातात धरला आणि किरणला सांगितलं, ओढा चोक.

वर मूठ बाहेर आल्याचा आवाज आला. खाली काहीच हललं नाही.

हिला कार्बोरेटर दोन, आणि दोन्हींच्या खालचे चोकचे खटके वर घट्ट बांधलेले होते. तारेनं. तेलानं आणि धुळीनं ती इतकी काळी झाली होती की ज्याला ठाऊक नाही त्याला ती गाडीचाच भाग वाटावी. केबल ढिली सोडलेली, म्हणजे मूठ बाहेर येते, आत जाते, आणि खाली कुणाला पत्ता नाही. मी चिंधीनं तार पुसली.

मी डावखुरा आहे. माझा पीळ उलटा पडतो. आणि तीन पीळ देऊन तारेचं टोक मी आत वळवतो, पुढच्या मिस्त्रीच्या बोटाला टोचू नये म्हणून. माझ्या उस्तादानं शिकवलेलं, आणि साऱ्या धुळ्यात ते फक्त मी करतो, असा माझा तोरा होता. ती तार उलट्या पिळाची होती. तीन पीळ. टोक आत.

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर कळायचं नाही. त्या काळी या गाड्यांचा चोक उन्हाळ्यात धुळीनं अडकायचा, पुरा परत जायचा नाही. पंचेचाळीस डिग्रीत गाडी काळा धूर ओकत रस्त्यात बंद पडायची. म्हणून पाडवा झाला की मी ओळखीच्या गाड्यांचा चोक तारेनं बांधून टाकायचो. आमच्या उन्हाळ्यात चोक लागतोच कुणाला? चैत्रात बांधायचं, दिवाळी झाली की सोडायचं. आणि ड्रायव्हरला सांगायचं नाही. सांगितलं तर तो स्वतःच सोडतो, मग मिस्त्रीची किंमत काय राहिली? ही आमची रीत होती आणि आम्हाला ती शहाणपणाची वाटायची.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीला मी नव्या गॅरेजच्या नादात जळगावला आलोच नाही. कौतिकनं एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोपही धाडला होता, थंडी पडायला लागली, एकदा येऊन जा. जाऊ, जाऊ म्हणत मी विसरलो. साफ विसरलो. आणि जानेवारीत आलो तेव्हा, आपण बांधलेलं आहे हे डोक्यातही नव्हतं.

मी पकडीनं दोन्ही तारा कापल्या, केबल आवळली आणि बाहेर आलो. "मारा," म्हटलं. किरणनं चोक ओढला, किल्ली फिरवली, आणि सहा डिग्रीच्या थंडीत गाडी पहिल्या झटक्याला अशी बोलली की समोरच्या झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. किरण गाडीतून उतरून मला मिठी मारायला आला. मी अंग चोरलं, कपडे तेलकट आहेत म्हटलं.

"कसली तार होती, आबा? कुणी बांधली असेल?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो आणि तारेचे तुकडे खिशात टाकले. आपलं ठेवावं झाकून. जन्मभर दुसऱ्या मिस्त्र्यांची कामं मी वाकून वाकून पाहिली होती, आणि नावं ठेवली होती.

आवाज ऐकून अक्का शाल गुंडाळून ओट्यावर आल्या. ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत. गाडी ऐकत उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मला वाटलं डॉक्टरांची आठवण झाली असेल. झालीही असेल, पण त्या बोलल्या ते वेगळंच.

"कौतिकला त्या दिवशी एवढंच जमायला हवं होतं बघ," त्या किरणला म्हणाल्या. "जाताना माझ्याकडे आला होता तो. पाया पडला, आणि एकच वाक्य बोलला. बाई, मी चोक वढेल व्हता. बास. मी म्हटलं, असू दे रे. पण मला काही ते खरं वाटलं नाही."

गाडी चालूच होती. मी खिशातले तारेचे तुकडे बाहेर काढले.

"खरं होतं ते, अक्का," मी म्हणालो. "ही तार माझी आहे."

मग मी सगळं सांगितलं. पाडवा, दिवाळी, दुपारचं ऊन, न काढलेले प्लग. मध्येच किरणनं गाडी बंद केली. माझं बोलणं संपल्यावर तो म्हणाला, आबा, छत्तीस वर्षं झाली, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं? असे चांगले शब्द माणसाला फार लवकर सापडतात. अक्कांनी फक्त विचारलं की कौतिक आता कुठे आहे हे मला माहीत आहे का. मला माहीत होतं. पाचोऱ्याला भाच्याच्या पिठाच्या चक्कीवर असतो. एवढी वर्षं मला माहीत होतं, आणि पाचोऱ्याच्या कामाला मी गॅरेजमधल्या दुसऱ्या कुणाला पाठवायचो. का पाठवायचो, ते त्या सकाळपर्यंत मी स्वतःला विचारलं नव्हतं.

"मला गाडी हवी आहे," मी म्हणालो.

किरणचा चेहरा उतरला. उद्या रॅली होती. दोन महिने तो त्या रॅलीसाठी झटत होता, गाडीचा नंबरसुद्धा आला होता, दारावर चिकटवायचा. तो आईकडे बघत राहिला.

"दे किल्ली," अक्का म्हणाल्या. त्यानं दिली. त्याच्या जागी मी असतो तर दिली नसती, हे मी आजही सांगतो.

पाचोऱ्याला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. चक्की चालू होती. कौतिक आत दळण टाकत होता, भुवया पिठानं पांढऱ्या, आणि पिठाखालचे केसही आता पांढरेच. गाडीचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली. मला ओळखलं नाही, गाडीला ओळखलं. बाहेर आला, हात धोतराला पुसले, पण गाडीला हात लावला नाही.

"ही आठे कशी?" तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. "मिस्तरी?"

मी त्याच्यासमोर खिशातून तार काढली. वाटेत मी बोलणं जुळवून आणलं होतं, त्यातलं एक वाक्य धड बाहेर आलं नाही. पण सांगितलं. चक्कीच्या आवाजात मला दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना मला रडू आलं. त्याची बायको भिकुबाई धान्याचं पोतं शिवत बसली होती, तिची सुई थांबली.

कौतिकनं तार घेतली. बोटांत फिरवली. आत वळवलेलं टोक त्यानं अंगठ्यानं चाचपलं.

"मी तुले सांगेल व्हतं," तो शेवटी म्हणाला. "चोक हलका लागस म्हनीसन."

सांगितलं होतं. आत्ता आठवलं. त्या उन्हाळ्यात, गाडी परत नेताना, चोक हलका लागतोय मिस्तरी, असं तो म्हणाला होता. नवी केबल आहे, असं मी ठोकून दिलं होतं. आजार त्यानं तेव्हाच ओळखला होता. मिस्त्री तो होता, मी नुसता पाटीवर होतो.

भिकुबाई उठली. ती आवाज न चढवता बोलली, ते जास्त लागलं. "छत्तीस अखाज्या गयात," ती म्हणाली. "नणंद एक डाव बी उनी नही." अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. भागाला माहेर म्हणजे हा एक भाऊच, आणि ती एकदाही आली नव्हती. तिच्या सासरच्यांनी ऐकलं होतं, मोठ्या मिस्त्रीनं येऊन सांगितलंय, हात चुकला. कुणी म्हणालं पिऊन झोपला होता. त्या घरानं कौतिकचं पाणी बंद केलं. तो एकदा दारात गेला होता, तेव्हा भागा आतून बाहेरच आली नाही. त्यानंतर त्याच्या हातात कुणी स्टेअरिंग दिलं नाही, आणि त्यानं मागितलंही नाही.

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं माझे खांदे धरले आणि मला उभं केलं. मायेनं नाही, वाटेत पडलेलं पोतं उचलावं तसं.

"माले काय सांगस?" तो म्हणाला. "माले ठाऊकच व्हतं. भागाले सांग." तार त्यानं माझ्या हातात परत दिली.

मी म्हटलं, चल, आत्ता जाऊ, गाडी उभी आहे. त्यानं बॉनेटवर हात ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा ठेवला.

"आते गरम शे," तो म्हणाला. "सकायले पाहू."

त्याला माझ्या शब्दावर जायचं नव्हतं, थंड गाडी स्वतः सुरू करून बघायची होती. माझ्या शब्दाची चव त्यानं घेतली होती. गाडी रात्रभर चक्कीसमोर उघड्यावर राहू दिली. मी त्यांच्या ओसरीवर झोपलो. भिकुबाईनं कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा वाढला आणि पुन्हा पोतं शिवायला बसली.

पहाटे उठलो तेव्हा कौतिक तयार होता. अंघोळ केलेली, धुतलेला सदरा. खिशातून त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लायसन काढून मला दाखवलं. चालू होतं. कुणी गाडी देत नव्हतं तरी मुदत संपली की जळगावला जाऊन हा नवं करून आणत होता. एवढी वर्षं.

काचेवर दव होतं. तो गाडीत बसला. चोकच्या मुठीवर दोन बोटं ठेवली आणि ओढली, हळू, आणि अर्ध्यावर थांबला. आता ती जड लागत होती. तेवढ्यात त्यानं डोळे मिटले. मग पुरी ओढली आणि किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली. पहिल्या किल्लीला.

तो हसला नाही, रडला नाही. इंजिन ऐकत चोक थोडा थोडा आत सारत राहिला, जसा तो रोज पहाटे करायचा. पाच मिनिटं. मग उतरला, वळसा घालून डावीकडे आला, दार उघडलं आणि खांद्यावरच्या उपरण्यानं डॉक्टरांची जागा पुसली. हाताची सवय ती. पुसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की बसणारा मी आहे. क्षणभर थांबला, आणि दार तसंच उघडं ठेवून आपल्या जागेवर जाऊन बसला.

एरंडोलवरून आम्ही धरणगावला गेलो. कापसाचे ट्रॅक्टर तेवढे रस्त्यावर होते. त्याच वेळी जळगावात रॅली निघाली असणार. कौतिकनं गाडी चाळिसाच्या वर नेली नाही, पण एकदाही गिअर करकरला नाही. मी डॉक्टरांसारखा बसलो होतो, मांडीवर बॅगेऐवजी तारेचे दोन तुकडे.

भागाबाईचं घर गल्लीच्या टोकाला. ती ओट्यावर तुरी पाखडत होती. छप्पन्न वर्षांची असेल, सत्तरची दिसत होती. लाल गाडी बघून तिच्या हातातलं सूप थांबलं. कौतिक गाडीतच बसून राहिला, दोन्ही हात स्टेअरिंगवर. मी उतरलो. शेजारच्या बायका दारात आल्या, दोन म्हातारे पारावरून उठून आले. बरंच झालं. मी बोललो होतो तेव्हाही चार माणसांत बोललो होतो.

"भागाबाई," मी म्हणालो, "गाडीना चोक मी बांधेल व्हता. सोडाले विसरनू. कौतिकनी चूक नव्हती. चूक मन्ही शे." आणि तारेचे तुकडे ओट्यावर ठेवले.

ती तारेकडे बघत राहिली. गाडी चालूच होती, आता गरम होऊन अगदी एका लयीत चालत होती. मग ती उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि आत गेली. मला वाटलं, संपलं, आता बाहेर यायची नाही.

ती पितळी तांब्या घेऊन आली. माझ्या अंगावरून पुढे गेली, डोक्यावरचा पदर सावरत गाडीशी थांबली, आणि तांब्या कौतिकपुढे धरला.

"दादा, पानी पे."

कौतिकनं किल्ली फिरवून गाडी बंद केली. मग दोन्ही हातांनी तांब्या घेतला. तो प्यायला लागला तेव्हा थंड पाणी त्याच्या हनुवटीवरून धुतलेल्या सदऱ्यावर सांडत होतं, आणि ती पदरानं ते पुसत होती.

मला तिनं पाणी विचारलं नाही. तहान लागली होती, पण बरोबरच होतं ते. मी ओट्याच्या कडेला उभा राहून त्याचं पिणं होईपर्यंत थांबलो.